एका वायद्याची एकच नोंद
फोन आणि संगणकातील तारखांचा मेळ कसा घालावा?



आपल्या धंद्यात माल, भाव आणि उधारी यांची काळजी सगळेच घेतात. तारखेची काळजी मात्र फार थोडे लोक घेतात. वास्तविक तारीख हाच आपला वायदा असतो. माल कधी देणार, पैसे कधी येणार, सायझिंगवाल्याकडे सूत कधी पोहोचणार, या सर्व गोष्टी तारखेवर चालतात. पूर्वी या तारखा गादीवरच्या एका वहीत किंवा भिंतीवरच्या जंतरीत लिहिल्या जात. आज त्या फोनमध्ये असतात, दुकानाच्या संगणकात असतात आणि मुलाच्या फोनमध्येही असतात. वह्या तीन झाल्या, पण त्या एकमेकींशी जुळतात की नाही हे पाहणारा कोणी राहिला नाही. आज आपण याच प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत.

प्रथम माझीच चूक सांगतो. २०२३ साली ईदच्या हंगामात शिलाईचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका गिऱ्हाइकाला मी शर्टिंगचे ४० तागे २७ मार्चला देण्याचे कबूल केले होते. मध्येच त्यांचा दुकानात फोन आला की माल २३ मार्चला हवा. मुलाने होकार दिला आणि दुकानाच्या संगणकावर आऊटलूकमधील तारीख बदलली. माझ्या फोनमध्ये मात्र २७ तारीखच राहिली आणि मी तिच्या भरवशावर प्रोसेस हाऊसला सांगत राहिलो. परिणाम असा झाला की त्यांचे १२ कारागीर मशिनीवर येऊन बसले आणि कापड आले नाही. रोजावर काम करणाऱ्या माणसाचे ऐन सणापूर्वी चार दिवस रिकामे जाणे म्हणजे काय, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या मजुरीची निम्मी रक्कम मी दिली, पण गेलेली पत इतक्यात परत येत नाही.

नंतर शोध घेतल्यावर कळले की संगणकात बिघाड नव्हता आणि मुलाचाही दोष नव्हता. माझ्या जीमेल खात्याची पत्रे दुकानाच्या आऊटलूकमध्ये दिसत होती. पत्रे दिसतात म्हणजे तारखाही जुळत असतील, असे आम्ही गृहीत धरले होते. ते चूक होते. आऊटलूकच्या जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये जीमेल खाते जोडले की फक्त पत्रे येतात, कॅलेंडर येत नाही. पत्रांची वाट वेगळी आणि तारखांची वाट वेगळी.

तारखांची समाईक भाषा

१९९६ साली पायलट नावाचे हातात मावणारे यंत्र बाजारात आले. ते एका पाळण्यात ठेवून बटण दाबले की त्यातील तारखा संगणकातील तारखांशी जुळवल्या जात. पण प्रत्येक कंपनीचा प्रोग्रॅम तारीख आपापल्या पद्धतीने लिहीत असे. एकाने लिहिलेले दुसऱ्याला वाचता येत नसे. म्हणून १९९८ मध्ये आयकॅलेंडर नावाचा एक समाईक नमुना प्रसिद्ध झाला आणि २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. आज गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल आणि थंडरबर्ड या सर्वांचे कॅलेंडर हा नमुना वाचू शकतात. त्याच्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'आयसीएस' ही अक्षरे असतात.

या फाइलमध्ये साधा मजकूर असतो. काम सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, कामाचे नाव, ठिकाण, ते पुन्हा पुन्हा येणारे असेल तर त्याचा नियम आणि शेवटचा बदल कधी झाला त्याची नोंद. याखेरीज प्रत्येक नोंदीला एक ओळख क्रमांक असतो, त्याला यूआयडी म्हणतात. हा क्रमांक नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सारा खेळ त्यावर आहे. गोदामात एकाच गाठीवर दोन नंबर पडले तर कागदावर दोन गाठी दिसतात. तसेच एका नोंदीला दोन प्रोग्रॅमांनी दोन वेगळे क्रमांक दिले की एकच वायदा दोनदा दिसू लागतो.

जोडण्याचे तीन मार्ग

दोन कॅलेंडर जोडण्याचे तीन मार्ग आहेत. लोक या तिघांनाही 'सिंक' म्हणतात, पण खरा मेळ फक्त तिसऱ्यात होतो.

पहिला मार्ग नकलेचा. एका कॅलेंडरमधून आयसीएस फाइल काढायची आणि दुसऱ्यात भरायची. ही त्या दिवसाची नक्कल असते. उद्या मूळ तारीख बदलली तर नकलेत बदल होणार नाही. जुना संगणक सोडून नवा घेताना किंवा जपून ठेवण्याची प्रत काढताना हा मार्ग चांगला आहे. रोजच्या कामाला तो उपयोगाचा नाही.

दुसरा मार्ग वर्गणीचा. एक कॅलेंडर आपला पत्ता म्हणजे लिंक देते आणि दुसरे कॅलेंडर त्या पत्त्यावरून अधूनमधून वाचून घेते. यात फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. शिवाय बदल लगेच पोहोचत नाही. गूगल कॅलेंडरमध्ये अशा लिंकवरील बदल दिसायला १२ तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. सुट्ट्यांची यादी किंवा मुलांच्या शाळेचे वेळापत्रक पाहण्यास हे ठीक आहे. सकाळी बदललेली तारीख संध्याकाळी कळली तर माल देणाऱ्याचा काय फायदा?

तिसरा मार्ग खात्याचा. नोंदी एका खात्यात, म्हणजे इंटरनेटवरच्या एका जागी, राहतात. फोन, संगणक आणि मुलाचा फोन हे तिन्ही त्याच खात्यात लिहितात व त्यातूनच वाचतात. यासाठी २००७ साली कॅलडॅव्ह नावाची पद्धत प्रसिद्ध झाली. गूगल व ॲपल यांची कॅलेंडर ती चालवतात. मायक्रोसॉफ्टची आपली वेगळी पद्धत आहे. कारखान्याच्या शेडमध्ये फोनला रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये लिहिली जाते आणि रेंज आली की खात्यात जाते. आपल्या कामाचा मार्ग हाच.

यंत्र गोंधळते कुठे?

समजा दोन मुनीम दोन वह्या सांभाळतात आणि रोज रात्री जुळवणी करतात. एका वहीत एक नोंद आहे, दुसरीत नाही. आता ती नोंद पहिल्याने नवी लिहिली की दुसऱ्याने खोडली? नुसत्या वह्या पाहून हे सांगता येत नाही. त्यासाठी कालच्या जुळवणीची यादी हाताशी हवी. कालच्या यादीत ती नोंद असेल तर ती खोडली गेली आहे, नसेल तर नवी आहे. जुळवणी करणारा प्रोग्रॅमही अशीच मागची आठवण ठेवतो. खाते काढून पुन्हा जोडले, प्रोग्रॅम नव्याने बसवला किंवा तीच फाइल पुन्हा भरली की ही आठवण पुसली जाऊ शकते. मग खोडलेल्या नोंदी परत येतात किंवा सर्व काही दुप्पट दिसते.

दुसरा गोंधळ दोघांनी एकाच वेळी बदल केल्यावर होतो. मी फोनवर तारीख २३ केली, मुलाने संगणकावर २५ केली, आणि दरम्यान मेळ झालाच नव्हता. काही प्रोग्रॅम नंतरचा बदल खरा मानतात, काही विचारतात, काही दोन्ही ठेवतात. पण गिऱ्हाइकाशी शेवटचे बोलणे कोणाचे झाले, हे कोणत्याही यंत्राला कळत नाही. ते घरातल्या माणसांनीच ठरवावे लागते. आमच्याकडे आता नियम आहे की ज्याने वायदा केला त्यानेच तारीख बदलायची आणि बदलली की नोंदीत एक ओळ लिहायची, 'फोनवर बोलणे झाले' म्हणून.

तिसरा गोंधळ जास्त जोडण्यांचा. फोन गूगलशी जोडला, गूगल आऊटलूकशी आणि आऊटलूक पुन्हा फोनशी, तर नोंद गोल फिरू लागते आणि मधला एखादा प्रोग्रॅम तिला नवा क्रमांक देतो. एक वायदा चार वेळा दिसू लागतो. म्हणून जोडण्या एका मुख्य खात्यातून निघणाऱ्या असाव्यात. त्यांचा गोल होऊ देऊ नये.

सहा ठिकाणी लक्ष ठेवा

१. नोंद कोणत्या कॅलेंडरमध्ये जाते? काही कंपन्यांच्या फोनमधील कॅलेंडर नवी नोंद खात्यात न ठेवता फक्त त्या फोनच्या आत ठेवते. फोन पडला, हरवला की तारखाही गेल्या. नोंद करताना कॅलेंडरचे नाव दिसते. तेथे आपल्या खात्याचे नाव आहे का, हे पाहा आणि सेटिंगमध्ये तेच कायमचे ठरवून टाका.

२. वेळेचा प्रदेश. आपली वेळ दुबईच्या दीड तास पुढे आहे. दुबईच्या एका व्यापाऱ्याने मला दुपारी चार वाजता फोनवर बोलू असे सांगितले. मी भारताचे चार लिहून त्यांना कॅलेंडरचे निमंत्रण पाठवले. त्यांच्या फोनमध्ये ते अडीच वाजता दिसले. कॅलेंडरने हिशेब अचूक केला होता, नोंद माझी चुकली होती. त्यांचे चार म्हणजे आपले साडेपाच. नोंद करताना वेळेसोबत प्रदेश निवडण्याची सोय असते, ती वापरावी. लंडनशी काम असेल तर आणखी सावध राहा. तेथे घड्याळ वर्षातून दोनदा बदलते. आपला फरक उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास असतो.

३. पूर्ण दिवसाची नोंद. उधारीची मुदत, जीएसटीची तारीख, चेक वटण्याचा दिवस यांना ठरावीक वाजण्याची वेळ नसते. त्या 'पूर्ण दिवस' म्हणून लिहाव्यात. रात्री बारा वाजताची वेळ टाकून लिहिल्या तर दुबईत बसलेल्या भावाला त्या आदल्या दिवशी रात्री साडेदहाला दिसतील. तो म्हणेल मुदत २० तारखेला, तुम्ही म्हणाल २१ तारखेला, आणि दोघेही आपापल्या फोनकडे बोट दाखवाल.

४. महिन्याची ३१ तारीख. दर महिन्याच्या ३१ तारखेला येणारी नोंद आयकॅलेंडरच्या नियमानुसार ज्या महिन्यात ३१ नाही तो महिना सोडून देते. वर्षात असे पाच महिने आहेत. आऊटलूक मात्र अशा महिन्यात शेवटची तारीख धरते. एकच नोंद दोन प्रोग्रॅममध्ये दोन तऱ्हेने चालते ती अशी. भाडे, मजुरी, हप्ता यांची आठवण २८ तारखेला ठेवावी. ती तारीख प्रत्येक महिन्यात येते.

५. ईदचा हंगाम. आपल्यापैकी अनेकांचा निम्मा धंदा रमजान आणि ईदवर असतो. 'दरवर्षी' असे ठरवलेली नोंद इंग्रजी तारखेने फिरते. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने सण दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे येतो. महाराष्ट्रात ईदुल फित्र २०२३ मध्ये २२ एप्रिलला, २०२४ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला झाली. आयकॅलेंडरमध्ये इतर पंचांगांप्रमाणे फिरणाऱ्या नोंदींची सोय २०१५ साली सुचवली गेली, पण नेहमीच्या वापरातील प्रोग्रॅममध्ये ती सहसा आढळत नाही. गूगल कॅलेंडरमध्ये इंग्रजी तारखेशेजारी हिजरी तारीख दाखवता येते, ती जरूर लावावी. मात्र त्यातील उम्मुल कुरा हा प्रकार सौदी अरबस्तानच्या गणिताचा आहे. आपल्याकडे चंद्रदर्शनावर ठरते आणि बहुधा एक दिवसाचा फरक पडतो. म्हणून हंगामाच्या तारखा दरवर्षी हाताने लिहाव्यात आणि माल देण्याचा वायदा चंद्राच्या भरवशावर न ठेवता दोन दिवस आधीचा धरावा.

६. आठवणीची घंटा. नोंद दुसऱ्या कॅलेंडरमध्ये गेली म्हणजे तिची घंटाही गेली असे समजू नये. वर्गणीच्या कॅलेंडरमध्ये ती बहुधा वाजत नाही. ज्या फोनवर तुम्हाला घंटा हवी त्या फोनवर ती वेगळी तपासून घ्यावी. तसेच 'कामांची यादी' ही कॅलेंडरपासून वेगळी वस्तू आहे. गूगलमधील कामांची यादी कॅलडॅव्हच्या वाटेने जात नाही.

दुकानात हे कसे करावे?

आता प्रत्यक्ष कृती. दुकान बंद असेल त्या दिवशी एक तास काढा आणि घरातील ज्या मुलाला किंवा मुलीला हे समजते तिला सोबत बसवा.

पहिले काम, जपून ठेवण्याची प्रत. प्रत्येक कॅलेंडरमधून आयसीएस फाइल काढा आणि पेनड्राइव्हवर ठेवा. गूगलमध्ये ही सोय फोनच्या ॲपमध्ये नाही, संगणकावर कॅलेंडर उघडावे लागते. पुढे काही बिघडले तर ही फाइल कामाला येईल. गूगलमध्ये खोडलेल्या नोंदी कचरापेटीतही सुमारे ३० दिवस राहतात.

दुसरे काम, मुख्य वही ठरवणे. घरातील बहुतेक फोन अँड्रॉइडचे असतील तर गूगल खाते मुख्य धरावे. दुकानाचे सर्व काम मायक्रोसॉफ्टवर असेल तर ते धरावे. कोणते चांगले यावर वाद घालत बसू नये, एकच असणे महत्त्वाचे. त्यात दुकानासाठी वेगळे कॅलेंडर करा. घरची लग्ने आणि दवाखान्याच्या तारखा त्यात मिसळू नका.

तिसरे काम, बाकीची यंत्रे त्याला जोडणे. अँड्रॉइड फोनमध्ये गूगल खाते असतेच, फक्त त्याचे कॅलेंडर चालू आहे का ते पाहावे. आयफोनमध्ये कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये गूगल खाते जोडून कॅलेंडरचे बटण चालू करावे. दोन्हीकडून लिहिता येते. संगणकावर सर्वात सोपा उपाय म्हणजे ब्राउझरमध्येच गूगल कॅलेंडर उघडणे. आऊटलूकच हवे असेल तर त्याच्या नव्या प्रोग्रॅममध्ये गूगल खाते कॅलेंडरसह जोडता येते, मात्र तसे केल्यास तुमच्या माहितीची प्रत मायक्रोसॉफ्टकडेही राहते. जुन्या आऊटलूकसाठी कॅलडॅव्ह सिंक्रोनायझर नावाचा एक मोफत जोडप्रोग्रॅम आहे.

चौथे काम, परीक्षा. खऱ्या वायद्यांवर प्रयोग करू नका. 'चाचणी' नावाची एक नोंद फोनवर करा आणि ती संगणकावर येते का पाहा. संगणकावर तिची वेळ बदला आणि फोनवर बदलते का पाहा. मग फोनवर ती खोडा आणि संगणकावरून जाते का पाहा. शेवटी हाच क्रम संगणकापासून सुरू करून करा. चारही गोष्टी जमल्या तरच मेळ झाला असे समजा. माझ्या दुकानात ही पाच मिनिटांची परीक्षा २०२३ मध्ये झाली असती तर ते १२ कारागीर रिकामे बसले नसते.

पाचवे काम, जुनी कॅलेंडरे बंद करणे. त्यातील पुढच्या तारखा मुख्य वहीत उतरवून ती यादीतून काढून टाका. दोन वह्या उघड्या राहिल्या की केव्हा ना केव्हा कोणीतरी जुन्या वहीत लिहितोच.

किल्ली कोणाच्या हाती?

कॅलेंडरमध्ये आपल्या गिऱ्हाइकांची नावे, मालाचे आकडे आणि पैशांच्या मुदती असतात. ही त्यांची अमानत आहे. गूगल कॅलेंडर एक 'गुप्त पत्ता' देते. तो ज्याच्या हाती पडेल तो खात्याच्या पासवर्डशिवाय तुमच्या सर्व नोंदी वाचू शकतो. तो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. चुकून पाठवला गेला असेल तर सेटिंगमध्ये जाऊन तो बदलून घ्या, जुना पत्ता बंद होतो. कॅलेंडर जुळवून देतो म्हणणाऱ्या एखाद्या अनोळखी ॲपला परवानगी देताना ते काय काय वाचू शकेल, हे विचारून घ्या. काम संपल्यावर परवानगी काढून टाका.

घरात आणि दुकानातही प्रत्येकाला सारखा अधिकार देण्याची गरज नाही. मुलाला नोंद बदलण्याचा अधिकार द्या. टेम्पोवाल्याला फक्त पाहण्याचा द्या. ज्याला आपण मोकळे आहोत की नाही एवढेच कळणे पुरे, त्याला तेवढेच दाखवा. या तिन्ही सोयी आहेत. सर्वांनी मिळून एकच पासवर्ड वापरणे मात्र टाळा, कारण मग तारीख कोणी बदलली हे शोधता येत नाही.

शेवटी एक गोष्ट. मी उर्दू शाळेत शिकलो. संगणकाच्या पडद्यावरचे इंग्रजी पाहून अनेक वर्षे मी हे काम मुलांवर सोडले होते. आता माझ्या फोनची भाषा मी स्वतः बदलून घेतली आहे. फोन मराठीत चालतो आणि उर्दूतही, आणि कॅलेंडर शिकायला एक आठवडा पुरतो. ज्या बंधूंकडे एकच फोन आणि एकच वही आहे त्यांनी यातले काहीही करू नये, त्यांचा मेळ आधीच बसलेला आहे. पण ज्यांच्याकडे दोन यंत्रे आहेत त्यांनी आजच एक 'चाचणी' नोंद करून पाहावी. ती दुसऱ्या यंत्रावर दिसली नाही, तर तुमचा कोणता ना कोणता वायदा आताही दोन तारखांवर उभा आहे.